जिचं राहत नाही, तिनं उचलायचं

तीस वर्षं मी लोकांचं रक्त काढलं. हे वाक्य माझ्या नवऱ्याला फार आवडतं. आलेल्या पाहुण्याला तो ते ऐकवतो आणि वर म्हणतो, "घरी अजून चालूच आहे." गारखेड्यातल्या एका खाजगी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. कामाला लागले तेव्हा लॅबच्या मागं ज्वारी उभी असायची आणि पेशंट "त्या विहिरीजवळची का?" असं विचारत यायचे. निवृत्त झाले तेव्हा चारी बाजूंनी चार-चार मजले चढले होते आणि विहीर नेमकी कुठं होती, ते मलाही सांगता येत नव्हतं. संपादकांनी गमतीचे अनुभव लिहा म्हणून सांगितलंय. एक गमतीचा सांगते. त्यानंतर जो सांगणार आहे तो आठवला की माझं डोकं फिरतं, आणि ते का फिरतं हे लोकांनी वाचावं म्हणूनच मी लिहायला बसले आहे.

आमचं काम बाहेरून सोपं दिसतं. दंडाला रबर बांधायचं, शीर शोधायची, सुई घालायची. खरं काम आतल्या खोलीत असतं, आणि त्या खोलीचा एकच नियम: डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जे लिहिलंय ते करायचं. चिठ्ठीवर साखर असेल तर साखर, कावीळ असेल तर कावीळ. पेशंटचा चेहरा पिवळाधमक दिसत असला आणि चिठ्ठीवर फक्त साखर असली, तर साखर करून मोकळं व्हायचं. आमचे डॉक्टरसाहेब, म्हणजे लॅबचे मालक, सज्जन माणूस. पण हा नियम त्यांना देवासारखा. "बाई, आपण डॉक्टरांचे हात आहोत, डोकं नाही," असं ते म्हणायचे. मीही ते तीस वर्षांतली पंचवीस वर्षं मुकाट ऐकलं.

गमतीचा अनुभव असा. शहागंजातले एक कापडवाले चाचा दर महिन्याला उपाशीपोटीची साखर तपासायला यायचे आणि दर महिन्याला ती आभाळाला टेकलेली असायची. डॉक्टर गोळ्या वाढवत होते. एकदा मी सुई हातात धरूनच विचारलं, "चाचा, सकाळपासनं काय खाल्लं?" ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "अल्ला कसम बाई, कुछ नै खाया. खाली चाय पिया, उसमें चार नानखटाई डुबाके." खाण्याची नानखटाई वेगळी आणि बुडवलेली वेगळी, असा त्यांचा हिशेब होता. त्या दिवशी आम्ही दोघंही पोट धरून हसलो. पण माणसाला एक साधा प्रश्न विचारला की मशीनला न दिसणारं दिसतं, हे मी तेव्हाच शिकायला हवं होतं. मी फक्त हसले.

आता गोदा.

गोदा पहिल्यांदा आली ती दुष्काळातल्या एका उन्हाळ्यात. वीस-एकवीसची पोर, बिडकीनच्या पुढं त्यांचा शेळ्या-मेंढ्यांचा वाडा. सोबत सासू, ठकूबाई. उंच, काटक, कपाळभर कुंकू. पाचव्या महिन्यात गोदाचं पोट पडलं होतं आणि ताप उतरत नव्हता. चिठ्ठीवर टायफॉईडची तपासणी लिहिलेली. ही तपासणी काचेच्या पट्टीवर होते. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी राहतं त्याचा एक थेंब, त्यात औषधाचा एक थेंब, आणि पट्टी हातात धरून हळूहळू हलवायची. बारीक कण धरायला लागले तर रोग आहे, थेंब तसाच राहिला तर नाही. गोदाच्या थेंबात कण धरल्यासारखे वाटले, पण अगदीच पुसट. मी रिपोर्टात "कमी प्रमाणात" असं लिहिलं. डॉक्टरांनी टायफॉईडच्या गोळ्या दिल्या, ताप उतरला, महिन्याभरानं पुन्हा चढला.

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. पाऊस नव्हताच. या वेळी पोट चौथ्याच महिन्यात पडलं होतं. "दिवसा बरी असते, सांज झाली की अंग फणफणतं," ठकूबाई सांगत होती. "घामानं लुगडं पिळून काढावं लागतं बगा. कंबर तं धरूनच ठिवती." या वेळी चिठ्ठीवर रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणीही होती. त्यासाठी रक्त एका बाटलीत घालतात, बाटलीत जंतूंचं खाणं असतं, आणि ती उबेच्या पेटीत ठेवून रोज बघायची. पाणी गढूळ झालं तर जंतू वाढला. आमच्याकडं सात दिवसांचा नियम होता. सातव्या दिवशी गोदाची बाटली स्वच्छ होती. पेटीत जागा नव्हती, नवीन बाटल्या आल्या होत्या. मी "वाढ नाही" असं लिहिलं आणि बाटली फेकून दिली.

ती बाटली मी फेकली, मी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे.

त्यानंतर मधे दीडेक वर्ष गेलं. पाऊस पडला, बिडकीनच्या बाजूला औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या, माळावर खांब रोवून जाळ्या बसल्या. इकडं आमच्या रस्त्यावर मूल होण्याच्या उपचारांची दोन केंद्रं उघडली. बाहेर गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या बाळांचे फोटो. आमच्या भागात तसलं बाळ जन्मलं तर घरात भांडणंच लागतील, पण फोटो तेच. तिथल्या बायकांचं रक्त आमच्याकडं यायला लागलं आणि बाकावर बसायला जागा पुरेना.

त्या बाकावर एक दिवस केतकी नावाची मुलगी बसली होती. अमेरिकेतून आईकडं बाळंतपणाला आलेली, सहावा महिना. तिच्या हातात जाडजूड फाईल. दोन वर्षांपूर्वी तिकडं तिला जंगलात फिरताना गोचीड चावली होती आणि त्यातून लाईम नावाचा आजार झाला होता. अंगावर लाल चट्टा, ताप, सांधेदुखी. औषधं घेऊन बरीही झाली होती. पण पोटातल्या बाळाला काही होणार नाही ना, या काळजीनं तिनं तिकडच्या डॉक्टरांना विचारलं, इकडच्यांनाही विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: उपचार न घेता राहिलं तर क्वचित वारेपर्यंत जंतू पोचू शकतो, वेळेवर आणि पुरते उपचार घेतलेत, तर बाळाची काळजी नको. तरी खात्रीसाठी पुन्हा रक्त. पोरगी गोड होती. तिच्यावर माझा काही राग नाही, उलट.

तिच्या शेजारी गोदा येऊन बसली. तिसऱ्यांदा, तोच ताप घेऊन. हात सुईसारखे झालेले. ठकूबाई उभीच होती आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "म्याडम, ही शेवटची तपासणी. दिवाळीपस्तोर वाट बगनार. मंग म्हसूला दुसरी करून आननार." म्हसू म्हणजे गोदाचा नवरा. हे ती गोदाच्या डोक्यावरून, गोदा तिथं नसल्यासारखं बोलली. गोदानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

केतकीनं ते ऐकलं. मी तिच्या दंडाला रबर बांधत होते, तिचं लक्ष गोदाकडं. तिनं सरळ विचारलं, "ताई, तुमच्याकडे जनावरं आहेत का? मला तिकडे सगळ्यात आधी हेच विचारलं होतं. गोचीड वगैरे चावली का कधी?"

गोदा हसली. बहुधा पहिल्यांदाच हसताना मी तिला बघितलं. "गोचीड? ती तं रोजचीच हाय की. पर तिचं काय नाय वो. शेळ्याच गाभ टाकायल्यात आमच्या. औंदा धा-बारा झाल्या."

"दुष्काळानं टाकतेत," ठकूबाई म्हणाली.

"आत्या, दुष्काळ कुठं हाय आता? चारा हाय, पानी हाय. तरीबी टाकायल्यात. माझ्यावाणीच."

मी शेतकऱ्याची मुलगी आहे. गोठ्यात एक शेळी गाभडली तर धक्का लागला म्हणतात, दोन गाभडल्या तर पाला बाधला म्हणतात, पण रांगेनं गाभडायला लागल्या की माझे वडील सगळं सोडून जनावरांच्या दवाखान्यात जायचे. हे मला दहाव्या वर्षी माहीत होतं. चाळिशी उलटल्यावर, पांढरा कोट घालून, या पोरीचं रक्त मी दोनदा काढलं आणि तुमच्या शेळ्या कशा आहेत, हे एकदाही विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. गावातल्या डॉक्टरनं नाही, शहरातल्यानं नाही, त्या निळ्या डोळ्यांच्या बाळांच्या केंद्रानं तर नाहीच. केतकीच्या एका गोचिडीची दोन देशांत फाईल होती. गोदाच्या बारा शेळ्यांची कुठं एक ओळ नव्हती.

मी ठकूबाईला विचारलं, "पडलेलं पिल्लू, जार, हे सगळं कोण उचलतं?"

"हीच. दुसरं कोन?" ठकूबाईला प्रश्नच कळला नाही. "जिचं ऱ्हात नाय तिनंच उचलायचं आसतंय. लेकुरवाळीनं हात लावला तं तिच्या लेकराला बाधतंय. पोटुशीनं तं सावलीबी पडू देऊ नाय. हिला काय बाधनार?"

त्यांच्या घरातली ही पद्धत होती. पहिलं पोट पडल्यापासून गोदा उघड्या हातांनी गाभडलेली पिल्लं उचलत होती, जार, म्हणजे शेळीची वार, ओढत होती, खड्ड्यात पुरत होती. अडलेल्या शेळीत हात तर ती लग्न होऊन आल्यापासूनच घालायची. वर तिला ताकद यावी म्हणून रोज सकाळी शेळीचं धारोष्ण दूध, न तापवलेलं, तांब्याभर. सासू वाईट नव्हती हो. स्वतःच्या पोरांच्या वाटणीचं दूध तिला देत होती.

गोदाचं रक्त काढलं, दोघींना थांबायला सांगितलं आणि दुपारी मी पशुवैद्यकीय लॅबमध्ये काम करणाऱ्या गायकेंना फोन केला. लग्नकार्यात ओळख झालेली. मी सगळं सांगितल्यावर ते मोठ्यानं हसले. "म्याडम, हा ब्रुसेला हाय, गाभ पाडनारा जंतू. आमची रोजची टेस्ट. शेळी गाभडली की आमी आधी हेच बगतो. माणसाला बी होतो ना. मला सोताला दोनदा झाला. सांजचा ताप, घाम, कंबर. सेम. तुमी माणसांची करत नाय का?"

"चिठ्ठीवर येत नाही," मी म्हणाले. उत्तर देताना माझीच मला लाज वाटली.

"आन् बाटली ठेवली व्हती म्हनता, ती किती दिवस?"

"सात."

"सातात नाय हो येत. लई आळशी जंतू हाय तो. तीन आठवडे तरी वाट बगा लागती."

फोन ठेवल्यावर मी उबेच्या पेटीसमोर जाऊन उभी राहिले. गायकेंची लॅब आमच्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. इतकी वर्षं शेळीचं रक्त तिकडं जात होतं, शेळी राखणारीचं इकडं, आणि या दोन इमारतींनी एकमेकींना कधी एक शब्द विचारला नव्हता.

मी रिक्षा करून गेले, गायकेंनी गुलाबी औषधाची छोटी बाटली दिली. पद्धत तीच, पट्टीवर एक थेंब हा, एक थेंब तो, चार मिनिटं हलवायचं. चिठ्ठी नव्हती. मी केली. गोदाला आत बोलावून शेजारी उभं केलं, कारण तिला दाखवावं असं मला आतून वाटलं. गुलाबी थेंबात दही फाटल्यासारखे कण धरले. पुसट नाहीत, ठसठशीत.

"हे काय हाय?" तिनं विचारलं.

"हा तुझा ताप. शेळ्यांकडनं आलाय. बहुतेक पोटं पण यानंच पडली. तुझ्यात काही खोट नाही, गोदा."

गोदा पट्टीकडं वाकून बघत राहिली.

डॉक्टरसाहेब आधी भडकले. "कुणी सांगितलं होतं? जनावरांचं औषध माणसाच्या रक्ताला? उद्या डॉक्टर रेफरन्स बंद करतील!" मी पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलले. "मला काढून टाका, पण आधी हे बघा." त्यांनी चष्मा लावला, पट्टी उजेडाकडं धरली. मग स्वतः फोन करून गोदाच्या डॉक्टरांशी बोलले. रक्त माणसांच्या पक्क्या तपासणीसाठी मुंबईला गेलं आणि तिकडूनही तेच आलं.

मग म्हसूचं रक्त मागवलं. तो यायलाच तयार नव्हता. "मला काय झालंय? मी का बाई हाय?" शेवटी ठकूबाईनं हाताला धरून आणला. त्याच्याही थेंबात कण. आत डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर कळलं, मागच्या वर्षी त्याचा अंडकोश महिनाभर सुजला होता. गावात इंजेक्शनं घेऊन गप्प बसला होता, आईलाही सांगितलं नव्हतं. या आजारात पुरुषाला ते होतं आणि त्यानं मूल राहणंही अवघड होऊ शकतं. म्हणजे दोष दोघांच्या रक्तात होता आणि सवत एकीवर येणार होती. मी त्याला दारात गाठून इतकं बोलले की बाकावरच्या बायका उठून बघायला लागल्या. त्यातल्या एकीनं नंतर मला पाणी आणून दिलं.

दोघांना सहा आठवडे रोज गोळ्या होत्या. एकही चुकवायची नाही, तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत. हे सांगायला आणि शेळ्यांचं बघायला मी गायकेंना घेऊन वाड्यावर गेले. दुष्काळात चारा छावणीत गायी-म्हशी घेतल्या, शेळ्यांना दारातूनच परत पाठवलं होतं, असं ठकूबाई सांगत होती. गायके म्हणाले, "लस बी कालवडींनाच हाय, शेळ्यांचं आमच्याकडं काय नाय." त्यांनी शेळ्यांचं रक्त घेतलं, रोग निघालेल्या वेगळ्या बांधायला लावल्या. पूर्वी हा कळप कोसभर माळावर पांगलेला असायचा. आता जाळीच्या कडेला एका आवारात दाटीनं उभा होता, एकाच टाकीत तोंड घालत होता.

मी ठकूबाईसमोर बसले. "दूध उकळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही. आणि गोदानं जार, पिल्लू, कशालाही हात लावायचा नाही. अजिबात नाही." लॅबमधले रबरी हातमोजे नेले होते, ते दिले. "कधी अडलंच तर गोदानं हे घालायचे."

ठकूबाईनं हातमोजे कपाळाला लावून आत ठेवले. "तुमी म्हनाल तसं. गोदा न्हाई लावनार हात. माझा सबूद हाय."

तिनं शब्द पाळला. गोदाला पुढच्या वर्षी दिवस गेले. प्रत्येक महिन्याला रक्त मी काढायचे. नववा महिना भरला आणि मुलगी झाली, रडकी, काळीसावळी, अस्सल बिडकीनची. डॉक्टरसाहेबांनी स्वतः पेढे वाटले आणि त्या दिवशीपासून लॅबच्या फॉर्मवर "घरी जनावरं आहेत का?" अशी एक ओळ छापून घेतली. मी महिनाभर हवेत होते. माझ्या निवृत्तीच्या भाषणात काय सांगायचं, हेही मी मनात ठरवून टाकलं होतं.

निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना गोदा आली. शहागंजात पोरीला वाळे घ्यायला निघाली होती, वाटेत मला भेटायला. अंगानं भरली होती, पोर कमरेवर. माझ्यासाठी बाटलीत दूध. "उकळलंय बरं का. दोनदा."

मी पोरीला घेतलं, गाल ओढले. बोलता बोलता विचारलं, "शेळ्या काय म्हणतात?"

"तवा निघालेल्या इकल्या काही. पर टाकतेत अजून. औंदा चार झाल्या."

"मग उचलतं कोण? मोजे घालता ना?"

"मोजे तं वाड्यावरल्या पोरांनी फुगवले तवाच," ती हसली. "आन् मी नाय उचलत आता. लेकुरवाळी हाय ना मी. आत्या हातबी लावू देत नाय. ती उचलती." तिनं दाराकडं मान वळवली.

दारात एक मुलगी पिशवी धरून उभी होती. सुनीता, धाकटी जाऊ, लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालेलं. मी बघितलं तशी तिनं नजर खाली घातली. ओठ सुकलेले, डोळ्यांखाली काळं.

"तिला अजून काय नाय," गोदा म्हणाली. "एक राहिलं व्हतं, गेलं."

"गोदानं हात लावायचा नाही," असं मी सांगितलं होतं. कुणीच उघड्या हातांनी लावायचा नाही, असं मी सांगितलं नव्हतं. पद्धत चुकीची आहे, असं तर मी तोंडातून काढलंच नव्हतं. ठकूबाईनं माझं अक्षर न् अक्षर पाळलं होतं. पंचवीस वर्षं चिठ्ठीबाहेर गेले नाही म्हणून स्वतःवर चिडले होते, आणि वाड्यावर जाऊन मी पुन्हा एकाच नावाची चिठ्ठी लिहून आले होते.

"ताप येतो का गं तुला?" मी सुनीताला विचारलं.

"कवाकवा. सांजचा." ती पुटपुटली. "पर मी चिठ्ठी नाय आनली."

"आत ये."

गुलाबी औषधाची बाटली मी तेव्हापासून फ्रिजमध्ये ठेवायचे, संपली की गायके नवी द्यायचे. सुनीताचं रक्त काढलं, पाणी वेगळं होऊ दिलं. पट्टीवर एक थेंब हा, एक थेंब तो. हलवायला लागले. चार मिनिटं लागतात. दुसऱ्याच मिनिटाला दिसायला लागलं.

गोदा पोरीला घेऊन माझ्या खांद्याशी येऊन उभी होती. तिला सांगावं लागलं नाही, ते कण तिला ओळखता येत होते. तिनं पोरीला घट्ट धरलं आणि सुनीताकडं न बघता म्हणाली, "माझ्यावाणीच."